मिठूनं खाणं सोडलं? पुढचे चोवीस तास महत्त्वाचे

सिहोरा (ता. तुमसर) : सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं की घर डोक्यावर घेणारा पोपट एखाद्या दिवशी गप्प बसलेला दिसतो. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, वाटीतली डाळ तशीच. खालच्या कागदावर नुसतं हिरवं पाणी. घरातलं कोणी म्हणतं सर्दी झाली असेल, कोणी म्हणतं रुसला असेल. दुपारी हळदीचं पाणी पाजलं जातं. संध्याकाळी घरात उरलेली जुलाबाची गोळी चुरून दिली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडतो आणि "काल-परवापर्यंत तर चांगला होता" असं सगळे म्हणतात.

खरं म्हणजे तो काल-परवा चांगला नव्हता. पोपट आजार लपवतो. रानात जो पक्षी अशक्त दिसतो त्यालाच शिकरा किंवा मांजर आधी धरतं, म्हणून अंगात ताकद आहे तोवर पोपट ठणठणीत असल्यासारखाच वागतो. तो आजारी दिसायला लागतो तेव्हा बरेच दिवस उलटून गेलेले असतात.

गावात आणखी एक अडचण आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना उडत-उडत माहीत असतं. त्यामुळे पोपट आजारी पडला तरी दवाखान्यात न्यायची भीती वाटते. पक्षी आजार लपवतो, माणूस पक्षी लपवतो, आणि त्यात मिठूचा जीव जातो. पोटाचं दुखणं वेळेत कसं ओळखायचं, काय करायचं, काय टाळायचं आणि कायद्याच्या बाबतीत सरळ मार्ग कोणता, हे सिहोरा, चांदपूर, चुल्हाड, बपेरा परिसरातल्या प्रत्येक पक्षी पाळणाऱ्या घरानं समजून घ्यायला हवं. यातली आजारांची माहिती बजरीगर, कॉकटेल यांसारख्या पाळायला परवानगी असलेल्या पक्ष्यांनाही लागू पडते.

पोपटाचं पोट कसं चालतं?

पोपटाला दात नाहीत. चोचीनं तो दाण्याचं टरफल काढतो आणि आतला गर गिळतो. गिळलेला घास आधी गळ्याखालच्या पिशवीत जमा होतो. कोंबडीनं पोटभर दाणे खाल्ले की तिच्या गळ्याखाली जो फुगवटा दिसतो, तीच ही पिशवी. तिथून घास थोडा थोडा पुढे सरकतो. पुढच्या पोटात पाचक रस मिसळतात. मग येतो जाड मांसाचा कडक गोळा, कोंबडीच्या कलेजीसोबत मिळतो तोच. तो दाणे दळतो. त्यानंतर आतडी.

सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या या पक्ष्याच्या अंगात साठा फार कमी असतो. पोपटाच्या शरीराचं तापमान माणसापेक्षा जास्त, ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते टिकवायला त्याला दिवसभर खावं लागतं. माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर अशक्त होईल. पोपट किंवा बजरीगर एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून "उद्या बघू" हे शब्द पक्ष्याच्या बाबतीत वापरू नयेत.

खालचा कागद रोज बघा

पोटाच्या आजाराची पहिली खबर पिंजऱ्याच्या तळाशी मिळते. तळाला भुसा किंवा वाळू टाकली तर काहीच कळत नाही. साधा पांढरा किंवा वर्तमानपत्राचा कागद अंथरा आणि रोज सकाळी बदला. बदलण्याआधी अर्धा मिनिट नीट बघा.

निरोगी पोपटाच्या विष्ठेत तीन भाग असतात. एक, हिरवट किंवा तपकिरी, आकार असलेली शी. दोन, तिच्याभोवती किंवा वर पांढरट खडूसारखा भाग. हा लघवीतलाच घट्ट भाग असतो. तीन, बाजूला पसरलेलं थोडं स्वच्छ पाणी, म्हणजे पातळ लघवी.

बदल दिसला तर त्याचा अर्थ साधारण असा घ्यावा :

• कागदावर पाणी जास्त, पण शीला आकार आहे : पेरू, पपई, काकडी असं रसाळ खाल्लं की हे होतं. जुलाब नाहीत. फळ बंद केल्यावर काही तासांत थांबायला हवं. थांबलं नाही आणि पोपट सारखं पाणी पीत असेल, तर मूत्रपिंडाचा त्रास किंवा विषबाधा असू शकते.

• शीलाच आकार नाही, सगळं पातळ, शेपटीखालची पिसं चिकटलेली : हे खरे जुलाब.

• शी फार थोडी आणि गडद चकचकीत हिरवी : पक्षी खात नाही, पोट रिकामं आहे, फक्त पित्त बाहेर पडतंय. तो वाटीत चोच घालताना दिसतो, टरफलंही पडतात, म्हणून मालकाला वाटतं खातोय. शी मात्र खरं सांगते.

• पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झालेला : यकृताला इजा. लगेच डॉक्टर गाठा.

• शीमध्ये अख्खे दाणे : पोट दळण्याचं काम करत नाही. जंतू, बुरशी किंवा पोटाच्या नसांचा आजार असू शकतो.

• काळी, डांबरासारखी शी : पोटात वरच्या भागात रक्तस्राव. लाल रक्त दिसलं तर खालच्या भागात. आदल्या दिवशी बीट किंवा डाळिंब दिलं होतं का, हे आधी आठवा. नसेल दिलं तर थांबू नका.

एखादी शी वेगळी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. भीती, प्रवास, नवीन खाणं यांनीही फरक पडतो. पण दिवसभरातल्या सगळ्या विष्ठा बदललेल्या असतील आणि पक्षीही गप्प असेल, तर तो आजार समजा.

उलटी आणि भरवणं यात फरक आहे

पाळलेला पोपट कधीकधी मान वर-खाली करून घास वर आणतो आणि आरशाला, घंटीला किंवा आवडत्या माणसाच्या बोटाला भरवायला बघतो. जोडीदाराला भरवण्याची ती त्याची सवय आहे, आजार नाही. घास एका जागी नीट पडतो आणि पक्षी तरतरीत असतो.

उलटी वेगळी दिसते. पोपट जोरात डोकं झटकतो, चिकट पदार्थ पिंजऱ्याच्या गजांवर उडतो, डोक्यावरची पिसं एकमेकांना चिकटून ओली दिसतात, तोंडाला आंबूस वास येतो. पक्षी मलूल असतो. असं एकदा जरी झालं तरी पुढचे उपाय सुरू करावेत.

दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा वाटीत असतं

घरातल्या पोपटाला लोक प्रेमानं आपल्या ताटातलं देतात. चहात बुडवलेलं बिस्कीट, चिवडा, भजी, फोडणीचा भात, शेव, दूध-पोळी. पोपट मिटक्या मारत खातोही. पण मीठ, तेल आणि साखर पचवायला त्याचं शरीर बनलेलं नाही. चहा आणि चॉकलेट त्याच्या हृदयाला घातक आहेत. दूध पक्ष्यांना पचत नाही, त्यानं जुलाब लागतात. कांदा-लसूणही टाळावा.

दुसरी चूक म्हणजे वर्षानुवर्षं एकच खाणं. नुसती भिजवलेली हरभरा डाळ, किंवा नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया. या बियांमध्ये जवळपास निम्मं तेल असतं, आणि 'अ' जीवनसत्त्व व कॅल्शियम अगदी कमी. अशा खाण्यानं यकृतावर चरबी चढते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडाचं, नाकाचं आणि अन्नमार्गाचं आतलं अस्तर खराब होतं, त्यातून जंतूंना वाट मिळते. पोपट वरून गुबगुबीत दिसतो, आतून पोखरलेला असतो.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. सकाळी भिजवून वाटीत टाकलेली डाळ दुपारपर्यंत आंबते, बुळबुळीत होते. पाण्याच्या वाटीत शी पडते आणि त्या उकाड्यात जंतू झपाट्यानं वाढतात. तेच पाणी पोपट दिवसभर पितो. उन्हाळ्यात भिजवलेलं खाणं दोन तासांत काढून टाका. पाणी दिवसातून निदान दोनदा, वाटी घासून बदला. पाण्याची वाटी बसण्याच्या दांडीच्या खाली येईल अशी कधीच ठेवू नका.

चौथी गोष्ट बुरशीची. पावसाळ्यात पोत्यातले शेंगदाणे, मका, धान यांना दमट वास यायला लागतो. "माणसाला नको, पोपटाला टाकू" म्हणून ते पिंजऱ्यात जातं. शेंगदाणे आणि मक्यावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हाच या विषाचा शोध लागला. हे विष यकृतावर घाव घालतं आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. जे दाणे माणसानं खाऊ नयेत, ते पक्ष्यालाही देऊ नयेत.

पाचवी गोष्ट फवारणीची. मिरची पोपटाच्या आवडीची, आणि तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. पण बाजारातल्या किंवा शेतातल्या मिरचीवर, पेरूवर, वांग्यावर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते. माणसाला जे प्रमाण जाणवतही नाही, ते सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला पुरेसं असतं. फळ-भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुऊनच द्या. फवारणी होऊन दोन-चार दिवसच झाले असतील तर देऊच नका.

सहावी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पिंजरा. स्वस्त पिंजऱ्याच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. पोपट दिवसभर तार चावतो, मुलाम्याचे कण पोटात जातात. जुन्या रंगात आणि डाग दिलेल्या जोडात शिसं असू शकतं. याची लक्षणं जुलाबासारखीच असतात: उलटी, हिरवं पाणी, सारखी तहान, नंतर पाय लटपटणं, थरथर. जुलाबाचं औषध इथे काहीच कामाचं नाही. पिंजऱ्याची तार खरवडलेली, पांढरी पावडर सुटलेली किंवा रंग उडालेला दिसला, तर पक्षी त्यातून बाहेर काढा आणि डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

जंतू, जंत आणि बुरशी

खाण्यातली चूक बहुतेक वेळा दार उघडून देते, मग जंतू आत शिरतात. घाणेरड्या पाण्यातून आणि शिळ्या खाण्यातून आतड्याचे जंतू येतात. जमिनीवर मोकळं सोडलेल्या पोपटाला मातीतून गोल जंत लागू शकतात. त्यात पक्षी खातो पण अंगी लागत नाही. कबुतरं, पारवे यांच्यासोबत एकाच भांड्यातलं पाणी प्यायल्यास तोंडात आणि घशात पिवळट चट्टे आणणारा परजीवी येतो. त्यात घास गिळताना पक्षी मान ताणतो. बजरीगरमध्ये पोटात वाढणाऱ्या एका यीस्टमुळे पक्षी सारखा खातो, तरी वाळत जातो आणि शीमध्ये अख्खे दाणे पडतात.

हे सगळे आजार वरून एकसारखे दिसतात, पण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. जंताचं औषध यीस्टवर चालत नाही. यीस्ट असताना अँटिबायोटिक दिलं तर यीस्ट आणखी वाढते. म्हणूनच औषधाच्या दुकानात जाऊन "पोपटाला जुलाब लागलेत, काहीतरी द्या" म्हणणं धोक्याचं आहे.

पिल्लांचं दुखणं वेगळं

हिवाळा संपता संपता पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ढोलीतून पिल्लं काढण्याचे प्रकार होतात. डोळे नुकते उघडलेली, अंगावर पिसं नसलेली पिल्लं घरी येतात आणि त्यांना बेसन कालवून, पोळी चुरून किंवा भात कुस्करून भरवलं जातं. त्यातली पुष्कळ थोड्याच दिवसांत मरतात. कारण असं.

ढोलीत आई-बाप पिल्लाला अर्धवट पचवलेला, अंगाच्या उबेचा घास देतात. घरात मिळणारा घास गार असतो. गार घासानं गळ्याखालची पिशवी काम थांबवते. बेसनासारखा घट्ट, चिकट घास आत गोळा होऊन बसतो. उबेत तो आंबतो, त्यात बुरशी वाढते. पिशवी फुगून टम्म, दाबली तर कणकेच्या गोळ्यासारखी लागते, तोंडाला आंबट वास येतो. मालकाला वाटतं पोट भरलंय. प्रत्यक्षात पिल्लू उपाशी मरत असतं. उलट घास जास्त गरम असेल तर पिशवी आतून भाजते आणि काही दिवसांनी तिला भोक पडतं. ड्रॉपरनं घाईत पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू तिथल्या तिथे गुदमरतं.

वादळात झाड पडून किंवा ढोलीतून खाली पडून एखादं पिल्लू सापडलं, तर ते पुन्हा ढोलीत ठेवता आलं तर सगळ्यात उत्तम. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लाला टाकून देत नाहीत. ते शक्य नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापड घालून त्यात ठेवा, ऊब द्या आणि वन विभागाला फोन करा. अंग गार असताना तोंडात काहीही घालू नका.

पहिले चोवीस तास : हे करा

१. ऊब द्या. आजारी पक्ष्याची अर्धी ताकद अंग गरम ठेवण्यात जाते. पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड कापडानं झाका आणि एका बाजूला, पिंजऱ्याच्या बाहेर, जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडी बल्ब उष्णता देत नाही, त्याचा उपयोग नाही. आतलं तापमान तीस अंशांच्या आसपास हवं. दुसरी बाजू थोडी थंड राहू द्या, म्हणजे गरम वाटलं तर पक्षी सरकेल. तो चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल, तर उष्णता जास्त झाली. भर उन्हाळ्यात बल्बची गरज नाही. तेव्हा झळ लागणार नाही अशी सावलीची जागा पुरेशी आहे.

२. शांतता द्या. लहान मुलं, मांजर, टीव्ही यांपासून दूर ठेवा. सारखं हातात घेऊ नका.

३. दांडी खाली आणा. अशक्त पक्षी पडून जखमी होतो. पाणी आणि खाणं त्याच्या चोचीजवळ, खालीच ठेवा.

४. ओळखीचं, साधं खाणं द्या. मऊ शिजवलेला बिनमिठाचा भात, शिजवून कुस्करलेलं लाल कोहळं, त्याचे नेहमीचे कोरडे दाणे. फळं आणि हिरवा पाला एक दिवस बंद.

५. वजन करा. स्वयंपाकघरातला किंवा सोनाराकडचा डिजिटल काटा चालतो. नेहमीच्या वजनापेक्षा दहा टक्के कमी, म्हणजे १२० ग्रॅमच्या पोपटाचं १२ ग्रॅम घटलं, तरी ती गंभीर बाब आहे. काटा नसेल तर छातीवर बोट फिरवा. मधलं हाड सुरीच्या पातीसारखं वर आलेलं लागलं, तर पक्षी बरेच दिवस वाळतोय.

६. आजारी पक्षी इतरांपासून वेगळा ठेवा.

हे अजिबात करू नका

• चोच उघडून पाणी, दूध किंवा काढा ओतू नका. बरेच पक्षी आजारानं नाही, फुप्फुसात पाणी जाऊन मरतात.

• माणसाची जुलाबाची, तापाची, दुखण्याची गोळी चुरून देऊ नका. माणसाची गोळी पन्नास-साठ किलोच्या अंगासाठी असते. तिचा कितवा भाग पोपटाला द्यायचा, हे घरी अंदाजानं ठरत नाही.

• कोंबड्यांचं किंवा जनावरांचं औषध मापाशिवाय पाण्यात टाकू नका.

• हिंग, ओवा, हळद, तंबाखू, दारू यांचे प्रयोग करू नका.

• "पोट साफ होईल" म्हणून वाळू किंवा खडे खाऊ घालू नका. पोपट टरफल सोलून खातो, त्याला खड्यांची गरज नसते. आजारी पक्ष्यानं ते जास्त खाल्ले तर आतडं तुंबतं.

पक्षी तळाशी बसलेला असेल, श्वास घेताना शेपटी वर-खाली हलत असेल, रक्त पडत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा दिवसभर काहीच खाल्लं नसेल, तर चोवीस तासही थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना

पक्षी छोट्या पिंजऱ्यात किंवा हवेला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात न्या, वरून कापड टाका. मोटरसायकलवर वाऱ्याची झुळूक लागू देऊ नका. निघताना पिंजरा धुऊ नका. ताजी विष्ठा प्लॅस्टिकच्या कागदावर घ्या. आदल्या दोन-तीन दिवसांच्या विष्ठेचे मोबाईलवर काढलेले फोटो, पिंजऱ्याचा फोटो आणि पक्षी कसा बसतो-खातो याचा छोटा व्हिडिओ सोबत ठेवा. काय खायला दिलं ते खरं सांगा, चिवडा दिला असेल तर चिवडा सांगा.

ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की जंत, परजीवी, यीस्ट यांचा बराच उलगडा होतो. ही तपासणी मोठी नाही. धातूची शंका असेल तर एक्स-रे लागतो.

सुरुवात जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेची माहिती मिळते. पुढच्या तपासणीची गरज पडली तर नागपूरला सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमसर रोड म्हणजे देव्हाडी स्टेशनवरून नागपूरला रेल्वेनं जाता येतं. त्याच सेमिनरी हिल्स भागात वन विभागाचं वन्यप्राण्यांसाठीचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी आणि आजारी रानपक्ष्यांवर तिथे उपचार होतात.

घरातल्या माणसांचीही काळजी

पोपटाच्या जुलाबामागे कधीकधी सिटॅकोसिस नावाचा आजार असतो. त्यात पक्ष्याची विष्ठा पोपटी-पिवळी होते, डोळे-नाक वाहतं, पक्षी वाळतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली तर माणसाला लागण होते: ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून नेलेल्या पोपटांमुळे अमेरिका आणि युरोपात या आजाराची मोठी साथ आली होती. आज त्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना संशय यायला हवा. घरात पक्षी असेल आणि कोणाला असा ताप-खोकला झाला, तर डॉक्टरांना "आमच्या घरी पोपट आहे" हे न विचारता सांगा.

पिंजरा साफ करताना कागदावर आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, नंतर साबणानं हात धुवा. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ पिंजरा नको. पोपटाला तोंडातला घास भरवणं बंद करा. गरोदर बाई, लहान मुलं आणि दमेकरी यांनी आजारी पक्ष्यापासून लांब राहावं.

घरातले किंवा गावातले बरेच पक्षी, कोंबड्या एकाच वेळी मरायला लागल्या, तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तपासात बर्ड फ्लू निघाला. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेल्याचं २०२५ च्या सुरुवातीला समोर आलं. आजार फक्त पक्ष्यांपुरता राहत नाही, म्हणून लपवणं सगळ्यांना महागात पडतं.

कायदा काय म्हणतो?

गळ्याला गुलाबी कंठी असलेला साधा हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट, जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट हे सगळे भारतातले रानपक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे पोपट अनुसूची २ मध्ये येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आम्ही पकडला नाही, बाजारातून घेतला" हे कारण चालत नाही. पिल्लू सापडलं किंवा कोणी आणून दिलं तरी अठ्ठेचाळीस तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलीस ठाण्याला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

मग आज ज्यांच्या घरी असा पोपट आहे त्यांनी काय करावं? भीतीनं पिंजऱ्याचं दार उघडून त्याला उडवून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाला खाणं शोधता येत नाही, पंखात ताकद नसते, कावळे-कुत्री त्याला पहिल्याच दिवशी गाठतात. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा तुमसरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून कळवून पक्षी सोपवणं हा सरळ मार्ग आहे. पोपट आजारी असेल तर हे आजच करावं. तिथून तो उपचारापर्यंत पोहोचू शकतो. घरात लपवून ठेवलेला पोहोचत नाही.

पक्षी पाळण्याची हौसच असेल तर ज्यांना आपण सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो ते बजरीगर, तसंच कॉकटेल हे परदेशी पक्षी पाळता येतात. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारख्या मोठ्या परदेशी पोपटांची मात्र २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

वाटीत काय असावं?

बजरीगर-कॉकटेलसाठी रोजचा आधार म्हणून ज्वारी, बाजरी, राळा, भगर असे मिश्र दाणे ठेवा. जोडीला गाजर, लाल कोहळं, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग द्या. मोड ताजे असावेत, आंबलेले नकोत. पेरू, पपई, डाळिंब थोडंच. सफरचंदाच्या बिया काढून टाका. कच्चे राजमा-वाल देऊ नका. शेंगदाणे आणि सूर्यफूल दिवसाला दोन-चार दाणे, तेही बक्षीस म्हणून. खाणं बदलायचं असेल तर हळूहळू, आठ-पंधरा दिवसांत बदला. एकदम बदललं तर पक्षी उपाशी राहतो. आठवड्यातून एकदा वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पिसांखाली लपलेलं वाळणं त्या आकड्यांत लवकर दिसतं.

पोटाच्या आजारानं मरणारे बरेच पक्षी ताजं पाणी, कोरडे चांगले दाणे आणि रोज सकाळी बदललेला कागद एवढ्यावर वाचू शकतात. हिरव्या पोपटाला मात्र रानातली ढोली आणि धानाच्या बांधावरचा थवाच मानवतो. या उन्हाळ्यात कोणी पिल्लू विकायला आणलं तर घेऊ नका, १९२६ वर कळवा.

लक्षात ठेवा
• वन विभाग हेल्पलाइन : १९२६
• पशुवैद्यकीय सेवा : १९६२
• दिवसभर खाल्लं नाही, तळाशी बसला, रक्त किंवा उलटी : त्याच दिवशी डॉक्टर